बंदूक, कडी आणि गिधाडाचं अंडं

मुंबईत शहीद भगतसिंग मार्गावर, लायन गेटजवळ, हॉर्नबिल हाउस नावाची इमारत आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हे मुख्यालय. सोसायटीच्या संग्रहात कपाटांच्या रांगा आहेत. त्यातला पक्ष्यांचा एखादा खण ओढला, की आत ओळीने पाठीवर निजवलेले पक्षी दिसतात. पंख अंगाशी मिटलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, पाय एकमेकांवर दोऱ्याने बांधलेले आणि त्याच दोऱ्याला एक चिठ्ठी. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी गोळा केला, एवढंच त्या चिठ्ठीवर असतं. पक्षी, सस्तन प्राणी, साप, बेडूक, कीटक असे लाखाहून जास्त नमुने या संस्थेकडे आहेत. त्यातले बहुतेक जुने पक्षी आणि श्वापदं बंदुकीने मिळवलेली आहेत.

आणि हीच संस्था आज हरियाणातल्या पिंजोरला गिधाडाचं एकेक अंडं जगावं म्हणून जिवाचं रान करते.

शिकाऱ्यांच्या आणि हौशी संग्राहकांच्या मंडळाची वन्यजीव वाचवणारी संस्था झाली, ती एखाद्या ठरावाने नव्हे. घटना दुरुस्त करून किंवा नवं बोधवाक्य लावून असा पालट होत नसतो. कोणीतरी रोजचं काम वेगळ्या रीतीने करायला लागतं आणि बाकीचे त्याला ते करू देतात, तेव्हा तो होतो. सोसायटीच्या एकशे चाळीस वर्षांत हे अनेकदा घडलं.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले. दर महिन्याला भेटायचं, आपापली निरीक्षणं सांगायची, नमुने एकमेकांना दाखवायचे, एवढाच बेत होता. सहा युरोपियन होते. दोघे आपले: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे बालविवाह नाकारून कोर्टात लढलेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. रखमाबाईंच्या खटल्याबद्दल मराठी माणूस पुष्कळ वाचतो, पण त्याच घरातला माणूस देशातल्या पहिल्या निसर्ग-अभ्यास मंडळांपैकी एकाचा पाया घालत होता, हे फारसं कोणी सांगत नाही. ते सांगायला हवं.

मंडळाला पहिली जागा दिली ती फिप्सन नावाच्या मद्याच्या व्यापाऱ्याने, आपल्याच पेढीत. १८८६ पासून सोसायटीचं जर्नल निघू लागलं. १८९४ मध्ये तिथे धनेशाचं एक पिल्लू आलं. विल्यम नावाचा हा धनेश फिप्सनच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात १९२० पर्यंत राहिला. सोसायटीच्या चिन्हावर आणि इमारतीच्या नावात आहे तो हाच. जर्नलचे जुने अंक चाळले तर वाघ-बिबट्यांच्या शिकारीच्या हकिकती, शिंगांची मापं आणि साप सापडल्याची टिपणं शेजारी शेजारी दिसतात. लिहिणारे लष्करी अधिकारी, जंगल खात्यातले साहेब, चहामळेवाले. १९११ ते १९२३ या काळात सोसायटीने सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी केली. पाहणी याचा अर्थ तेव्हा प्राणी मारून, कातडं सोलून, कवटी साफ करून, चिठ्ठी लावून ठेवणं असाच होता.

ती चिठ्ठी लावण्याची शिस्त मला फार मोलाची वाटते. हौशी शिकाऱ्याला भिंतीवर मुंडकं हवं असतं. तारीख नसली तरी त्याचं भागतं. सोसायटीने मात्र पहिल्यापासून तारीख, ठिकाण आणि नाव मागितलं. एखादा पक्षी शंभर वर्षांपूर्वी कुठे होता, हे आज त्या दोऱ्याला बांधलेल्या कागदावरून कळतं. शिकारीचा काळ संपल्यावर लाज वाटून हा ठेवा कोणी अडगळीत टाकला असता, तर संरक्षणाच्या कामाला पायाच उरला नसता.

पक्षितज्ज्ञ सालिम अलींनाही बंदुकीनेच सोसायटीच्या दारात आणलं. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घ्यायला ते तिथे गेले. मानद सचिव मिलार्ड यांनी तिचं नाव सांगितलं आणि कपाटं उघडून त्या मुलाला संग्रह दाखवला. पुढे सालिम अली जर्मनीत पक्षिशास्त्राचं शिक्षण घेऊन परतले, तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची नोकरी पैशांअभावी उरलेली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. १९३० च्या पावसाळ्यात तिथे सुगरणींची वसाहत त्यांच्या हाती लागली. वसाहतीजवळ तासन्‌तास बसून त्यांनी पाहिलं: नर अर्धं घरटं विणतो आणि थांबतो. मादी येऊन आतून-बाहेरून ते तपासते. पसंत पडलं तरच ताबा घेते, मग नर घरटं पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. हा अभ्यास सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. एकही गोळी न झाडता केलेलं काम त्याच जर्नलमध्ये शास्त्र म्हणून मानाने छापलं गेलं. माझ्या मते सोसायटीच्या पालटाची खरी सुरुवात किहीमच्या त्या वाडीत झाली.

संरक्षणाची भाषा तोवर सोसायटीत बोलली जाऊ लागली होती. क्युरेटर प्रेटर यांनी १९३३ च्या सुवर्णमहोत्सवात वन्य प्राण्यांच्या रक्षणावर भाषण केलं. १९४१ मध्ये सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं आणि गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारा वाचकवर्ग तयार झाला. मग स्वातंत्र्य आलं, साहेब मायदेशी गेले, प्रेटरही गेले, तिजोरी आटली. सालिम अलींनी नेहरूंना पत्र लिहून सरकारी मदत मिळवली. सोसायटीच्याच हुमायुन अब्दुलालींनी १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याला आकार दिला. अब्दुलाली आणि सालिम अली यांचं पुढे पटलं नाही, हे जगजाहीर आहे. तरी दोघांचं काम सोसायटीत टिकलं.

१९५७ मध्ये कर्नाटकात क्यासानूर जंगलताप आला. हा रोग गोचिडींतून पसरतो. सैबेरियातून येणारे पक्षी त्या गोचिडी आणत असतील का, हे जागतिक आरोग्य संघटनेला तपासायचं होतं. त्या पैशातून १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांना कड्या घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. पक्षी जाळ्यात धरायचा, वजन-मापं घ्यायची, पायात धातूची कडी अडकवायची आणि सोडून द्यायचा. कडीवर क्रमांक आणि सोसायटीला कळवा असा इंग्रजी मजकूर. जुन्या नमुन्याच्या पायाला चिठ्ठी होती, या पक्ष्याच्या पायात कडी. नोंद तीच, पण पक्षी उडून जातो. धरायला माणसं कोण? बिहारमधले मीरशिकार. पिढ्यानपिढ्या फासे लावून पाखरं पकडणारे हे लोक सोसायटीच्या छावण्यांवर आले, आणि पंख न दुखावता पक्षी कसा धरावा हे पदवीधर संशोधक त्यांच्याकडून शिकले. त्यांचं कसब टाकाऊ ठरवलं गेलं नाही, हे मला सोसायटीचं मोठं शहाणपण वाटतं.

या छावण्यांचं एक महत्त्वाचं ठिकाण म्हणजे राजस्थानातलं भरतपूर. तिथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ शेतीसाठी फोडली जाऊ नये म्हणून सालिम अलींनी जिवाचा आटापिटा केला. आणि याच भरतपूरने सोसायटीची सर्वात कठीण परीक्षा घेतली.

गावकऱ्यांच्या म्हशी तिथे पूर्वापार चरत. त्या आवर घालण्याजोगा उपद्रव आहेत, असं सालिम अलींसह बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं. १९८२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानात चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. सोसायटीचा दहा वर्षांचा अभ्यास १९८० पासून तिथे चालूच होता. १९९१ मध्ये त्याचा अहवाल आला. म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं होतं, मोकळं पाणी झाकोळलं होतं आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली होती. म्हशी तिथल्या गवताला आवर घालत होत्या. ज्या बंदीला आपल्याच श्रेष्ठींचा पाठिंबा होता, ती चुकली, असं आपल्याच शास्त्रज्ञांनी आकड्यांनिशी लिहिलं आणि सोसायटीने तो अहवाल प्रसिद्ध होऊ दिला. गेलेली माणसं त्याने परत आली नाहीत. पण भरतपूरनंतर जंगलालगतच्या माणसाला वगळून केलेल्या संरक्षणावर डोळे मिटून विश्वास ठेवणं निदान शास्त्राच्या नावाने तरी अवघड झालं.

भरतपूरनेच पुढचं कामही दाखवलं. ऐंशीच्या दशकात तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी मोजलेली होती. नव्वदच्या दशकात सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी पुन्हा मोजलं तर निम्मीही उरली नव्हती. काही वर्षांत तिथलं शेवटचं घरटंही गेलं. जुनी मोजणी कागदावर नसती तर ही पडझड इतक्या लवकर ध्यानात आली नसती. आधी संशय साथीच्या रोगावर होता. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून खरं कारण कळलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

आता नुसतं मोजून भागणार नव्हतं. पक्ष्यांच्या संशोधकांना पशुवैद्य, औषध कंपन्या आणि मंत्रालयं यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या बंद झाल्या, कारण त्याच गोठ्यात पोचत होत्या. २०२३ मध्ये असिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही गिधाडांना तशीच घातक औषधंही गुरांसाठी बंद झाली. दुसरीकडे पिंजोरला, हरियाणा वन विभागाच्या साथीने, २००१ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात गिधाडांची पैदास होऊ लागली. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. खाऊ घालायच्या बकऱ्याही आधी काही दिवस ठेवून घेतात, कुठलं औषध अंगात असेल तर ते निघून जावं म्हणून. २०२४ मध्ये तिथली वीस गिधाडं महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचला आणली गेली.

हे सगळं करणाऱ्यांच्या नोकऱ्यांबद्दल मात्र आपल्याकडे कोणी बोलत नाही. संवर्धन संस्थांतले बहुतेक संशोधक प्रकल्पावर असतात. निधी दोन-चार वर्षांचा, गिधाडाचं एक पिल्लू वयात यायला पाच वर्षं. प्रकल्प संपला की माणूस जातो आणि त्या जागेची, तिथल्या लोकांची त्याची ओळखही त्याच्याबरोबर जाते. प्रायोजकाच्या पैशाला अटी असतात. जुन्या नमुन्यांची निगा, जर्नल, ग्रंथालय, दोन प्रकल्पांच्या मधले रिकामे महिने यांसाठी प्रायोजक क्वचितच मिळतो. त्याला लागतो तो बिनअटीचा पैसा, आणि तो सभासदांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून येतो.

सोसायटीचं सभासदत्व आज कोणालाही घेता येतं. त्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. हॉर्नबिल हाउसला एकदा जा, गोरेगावच्या चित्रनगरीलगतच्या तिच्या निसर्ग शिक्षण केंद्रात मुलांना घेऊन जा, आणि जमत असेल तर सभासद व्हा.