ट्रॅक्टरच्या शेडमध्ये औजारदुरुस्तीची कार्यशाळा

परभणी तालुक्यातील झरी व आसपासच्या गावांत ट्रॅक्टर ठेवण्यासाठी पत्र्याची शेड उभारलेली आढळते. पेरणीच्या ऐन घाईत तिफणीचा फण मोडला किंवा पंप बिघडला, तर दुरुस्तीसाठी शहर गाठण्यात वाफशाचे मोलाचे दिवस वाया जातात. याकरिता पुष्कळ शेतकरी शेडमध्येच दुरुस्तीची कार्यशाळा करू इच्छितात. असे करताना जमीन, छप्पर व वीजजोडणी या तीन बाबींकडे याच क्रमाने लक्ष द्यावे.

जमीन : आपली काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट घातलेला कोबा त्यामुळे फुटतो. म्हणून शेडमधील काळी माती सुमारे दोन ते तीन फूट काढून टाकावी. त्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा व प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसाने चोपावा. त्यावर सहा इंच दगडी सोलिंग व चार इंच काँक्रीट घालावे. काँक्रीटमध्ये सुमारे दहा-दहा फुटांवर सांधे ठेवावेत व ते दहा दिवस ओले राखावे. पृष्ठभाग खरबरीत ठेवावा. गुळगुळीत कोब्यावर तेल सांडल्यास पाय घसरतो. पावसाचे पाणी पायाशी मुरू नये म्हणून शेडभोवती उताराची नाली काढावी.

छप्पर : मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरात मातीचा जाड थर उष्णता अडवीत असे. पातळ पत्रा ती तत्काळ आत सोडतो. पत्र्यास बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिल्यास बरेच ऊन परावर्तित होते. पत्र्याखाली अर्धा फूट पोकळी राखून सिमेंटच्या तक्त्यांचे छत बसवावे. समोरासमोरच्या भिंतींत उंचावर झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा बाहेर पडेल. तुराट्या, चटया किंवा थर्मोकोल स्वस्त असले तरी वेल्डिंगच्या ठिणगीने पेट घेतात. ते येथे मुळीच वापरू नयेत.

वीजजोडणी : हे काम छत बसविण्यापूर्वी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे. दिव्यांसाठी दीड व सॉकेटसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सामान्यतः योजतात. वेल्डिंग यंत्रास स्वतंत्र मार्ग द्यावा व त्याची तार यंत्राच्या भाराप्रमाणे ठरवावी. एमसीबी हे साधन अतिभारापासून तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारे आरसीसीबी लावणे अवश्य आहे. त्यावरील चाचणीची कळ दरमहा दाबून पाहावी. प्रत्येक यंत्राची धातूची चौकट अर्थिंगला जोडावी. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगची परिणामकारकता घटते. म्हणून तिच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे.

शेतीपंपाच्या जोडणीवरून कार्यशाळेस वीज घेऊ नये. मंजूर प्रयोजनाव्यतिरिक्त वापर हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये अनधिकृत ठरतो व त्याची आकारणी भरावी लागते. महावितरणकडे योग्य जोडणीसाठी अर्ज करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा शेडची पाहणी करताना प्रथम अर्थिंग व आरसीसीबी तपासावे, नंतर इतर बाबी पाहाव्यात. कोब्याची भेग पुन्हा बुजविता येते. विजेच्या धक्क्याने गेलेला जीव परत आणता येत नाही.