सायटिका : कळ पायात, कारण कमरेत

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यावा, ही आपल्याकडील जुनी वहिवाट साध्या उसणीपुरती निरुपद्रवी असेलही. परंतु नितंबापासून निघून मांडीच्या मागच्या अंगाने पोटरीत आणि तेथून पावलापर्यंत विजेसारखी उतरणाऱ्या कळेलाही जेव्हा ‘शीर चढली’ असे ठरवून हाच इलाज योजला जातो, किंवा रोग्याची पोटरी तेलाने रगडली जाते, तेव्हा दुखण्याचा पत्ताच चुकलेला असतो.

कमरेच्या खालच्या दोन मणक्यांलगत आणि त्रिकास्थीतून निघणाऱ्या पाच मुळ्या एकत्र येऊन सायटिक ही बोटाएवढी जाड, शरीरातील सर्वांत मोठी नस बनते. मणक्यांमधील गादीचे वेष्टन फाटून आतला मऊ गर एखाद्या मुळीला भिडला, म्हणजे काहीशी दाबाने आणि काहीशी त्या गरापासून उद्भवणाऱ्या दाहाने ती मुळी क्षुब्ध होते, पण तिची तक्रार उमटते ती थेट पायात. पाचव्या कटिमुळीची बधिरता अंगठ्याकडे जाते, तर तिच्या खालच्या मुळीची करंगळीकडे, आणि जाणता डॉक्टर पायाच्या बोटांवरून मणक्याचा अदमास बांधतो. कमरेपासून पावलापर्यंत उतरणाऱ्या या व्यथेचे वर्णन चरकसंहितेत ‘गृध्रसी’ म्हणून आलेले आहे. गादीवरील आरोप मात्र 1934 साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी दाखल्यांनिशी मांडला तेव्हा कोठे सर्वमान्य झाला.

‘फळीवर पडून राहा, हलू नका’ हे फर्मान आजही घरोघरी सुटते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात काही रुग्णांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवले आणि इतरांना जमेल तसे हिंडूफिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतील शेकडा 87 जण सारखेच सुधारले होते, म्हणजे निजून राहिलेल्यांच्या पदरी अधिक काहीच पडले नाही. कळ असह्य असेल तेव्हा गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर निजावे, एरवी घरातल्या घरात थोडे थोडे चालावे, एका बैठकीत फार वेळ बसू नये, वाकून ओझे उचलू नये. शेकाने आराम वाटत असेल तर शेकावे, आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या.

आणखी एक धास्ती एमआरआयच्या अहवालाची. पाठदुखी मुळीच नसलेल्या 98 माणसांची अशी तपासणी 1994 साली प्रसिद्ध झाली, तीत निम्म्याहून अधिक जणांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. तेव्हा रोग्याच्या कैफियतीशी जुळल्याखेरीज तो कागद म्हणजे निवाडा नव्हे. गादी सरकली की शस्त्रक्रिया अटळ, हेही खरे नाही, कारण बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा आपणच शोषून घेते, आणि मोठा तुकडा तर अनेकदा अधिक सहजपणे विरतो. लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने कळ लौकर थांबते हे निर्विवाद, परंतु वर्षअखेरीस दोन्ही मार्गांचे रुग्ण बहुधा एकाच मुक्कामी पोचलेले आढळतात.

उलट ज्यांची खरोखर धास्ती घ्यावी ती लक्षणे संकोचापायी दडवली जातात. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, जांघांच्या आतील भागास व गुदद्वाराभोवती स्पर्श न कळणे, यांपैकी काहीही घडले तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. आणि चालताना पाऊल उचलेनासे होऊन चप्पल पायातून निसटू लागली, तर कळ थांबली असली तरीही डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर टाकू नये.