आकाशमार्गांचा भूगोल – लेखांक ६ : अगत्ती ते पोर्ट ब्लेअर

गोलावरील दोन बिंदूंमधून जाणारे आणि गोलाचे दोन समान भाग करणारे वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त, व त्याचा त्या बिंदूंमधील लहान कंस म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग, हे मागील लेखांकात स्पष्ट झाले. हे मोजमाप आता भारताच्या दोन दूरस्थ द्वीपविमानतळांना, अरबी समुद्रातील लक्षद्वीपच्या अगत्तीला आणि बंगालच्या उपसागरातील पोर्ट ब्लेअरला, लावून पाहता येईल. पोर्ट ब्लेअर शहराचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले असून तेथील विमानतळास वीर सावरकरांचे नाव आहे.

तुलनेसाठी नवी मुंबईतील ऐरोली घेऊ. अगत्ती ऐरोलीच्या जवळजवळ थेट दक्षिणेस, सुमारे ९३० किलोमीटरवर आहे. तेथून पोर्ट ब्लेअर सुमारे २,२४० किलोमीटर भरते, तर ऐरोलीपासून तेच अंतर सुमारे २,२७० किलोमीटर येते. ऐरोली आठ अंशांहून अधिक उत्तरेस असूनही फरक इतका थोडा राहतो, कारण उत्तरेकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ येत जातात आणि शिवाय ऐरोली अगत्तीपेक्षा किंचित पूर्वेसही आहे.

ताशी ८३० किलोमीटर वेगाच्या जेट विमानास हे २,२४० किलोमीटर कापण्यास, उड्डाण व उतरणीचा वेळ धरून, साधारण तीन तास पुरावेत. वाऱ्यामुळे त्यात फरक पडतो. मध्य अक्षांशांत उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहत असल्याने पूर्वेकडचा प्रवास लवकर होतो. परंतु पावसाळ्यात दक्षिण भारतावर अतिउंचावर पूर्वेकडून वाहणारा वेगवान वायुप्रवाह, म्हणजे उष्णकटिबंधीय पूर्व झोतवारा, निर्माण होत असल्याने अंदमानकडे जाणाऱ्या विमानास तो समोरून येतो. समोरच्या वाऱ्याचा वेग ताशी ७० किलोमीटर धरला, तर पंधरा मिनिटांच्या आसपास वाढ होते.

प्रत्यक्ष प्रवासात मात्र हा हिशेब अपुरा पडतो. अगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटरच लांब आहे आणि तिच्यावर एटीआर-७२ सारखी पंखायुक्त, म्हणजे प्रोपेलरवर चालणारी, विमानेच उतरतात. पूर्ण प्रवासीभारासह त्यांचा पल्ला दीड हजार किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून पोर्ट ब्लेअरपर्यंत थेट उड्डाण त्यांच्या आवाक्याबाहेरचे ठरते. त्यातच द्वीपाच्या विमानतळावर हवामान बिघडल्यास पर्यायी विमानतळ जवळपास नसतो. त्यामुळे माघारी किनाऱ्यापर्यंत येण्याइतके इंधन सोबत ठेवावे लागते आणि भार आणखी कमी करावा लागतो.

परिणामी प्रवासी अगत्तीहून कोचीस (सुमारे ४७० किलोमीटर), तेथून चेन्नईस (सुमारे ५२० किलोमीटर) आणि पुढे पोर्ट ब्लेअरला (सुमारे १,३७० किलोमीटर) जातो. ही बेरीज २,३६० किलोमीटर होते, म्हणजे थेट मार्गाहून जेमतेम पाच टक्के अधिक. परंतु तीन उड्डाणांचा वेळच पाच तासांच्या घरात जातो आणि त्यात थांबे मिळवले असता, जोडविमान चुकल्यास एका रात्रीचा मुक्कामही घडतो. दूरस्थ द्वीपांमधील अंतर बृहद्वृत्त सांगते. प्रवासाचा वेळ मात्र धावपट्टीची लांबी, विमानाचा पल्ला आणि वेळापत्रक मिळून ठरवतात.

घड्याळाचा प्रश्न वेगळाच आहे. दोन्ही ठिकाणी भारतीय प्रमाणवेळ असली, तरी साडेवीस अंशांच्या रेखांशफरकामुळे पोर्ट ब्लेअरचा सूर्य अगत्तीपेक्षा सुमारे ८२ मिनिटे आधी माथ्यावर येतो. प्रमाणवेळ आणि सौरवेळ यांच्या या संबंधाचा विचार पुढील आठवड्याच्या लेखांकात केला जाईल.