शुगरची गोळी: स्ट्रिपवरचं नाव वाचलंय का?

ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून.

केशोरी म्हटलं की आधी मिरची आठवते, मग धान. आता विचार करा, रोवणीचे दिवस आहेत. आजीने सकाळी शुगरची गोळी घेतली, बांधीत उतरली आणि दुपारी दोनपर्यंत पोटात काहीच नाही. धोका किती? ते गोळी कोणती आहे, यावर ठरतं.

कारण ‘शुगरची गोळी’ असं एकच औषध नसतं. टाइप टूमध्ये सहसा मेटफॉर्मिनने सुरुवात होते. १९५७ पासून वापरात असलेलं हे औषध लिव्हरमधून रक्तात येणारी साखर कमी करतं. एकटंच घेतलं तर शुगर सहसा फार खाली जात नाही. सुरुवातीला पोट बिघडू शकतं, म्हणून जेवणासोबत घ्यायचं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांचं वेगळं. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, माणूस जेवला असो वा नसो. कोडिंगच्या भाषेत, इथे ‘इफ’ कंडिशनच नाही! सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिनमध्ये ती आहे: साखर वाढली तरच जोर लावतात. डापाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीवाटे काढतं. उलट्या होत असतील किंवा कडक उपवास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

गंमत अशी की एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असू शकतात. म्हणून ब्रँडच्या मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. फोनवर फोटो काढून ठेवा.

घाम, थरथर, धडधड, भोवळ, असंबद्ध बोलणं दिसलं, तर शुगर ७० च्या खाली गेली असू शकते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग जेवण. ग्लिमेपिराइडवाल्यांची शुगर नंतर परत उतरू शकते, म्हणून दवाखान्यात दाखवाच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आणि हो, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद नको. नॉर्मल आलाय तो बहुतेक गोळीमुळेच! महाग पडते? डॉक्टरांना जनऔषधीतला पर्याय विचारा. कामाच्या दिवसांत डोस कसा घ्यायचा, तेही रोवणीच्या आधीच विचारा.

आज घरी गेलात की औषधांचा डबा उघडा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!