ॲडमिनची ड्यूटी

शाळेत आपल्याजवळ मोबाइल नसतो. पण सुट्टी लागली की सगळी बॅच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पुन्हा जमते. आमच्या बॅचच्या ग्रुपचा मी दोन वर्षे ॲडमिन आहे. ज्युनियर मुले मला विचारतात, “ॲडमिनने नेमकं करायचं काय असतं?” पालकांचेही ग्रुप असतात, म्हणून हे उत्तर त्यांच्याही उपयोगाचे आहे.

आधी अधिकार पाहू. ॲडमिन सभासद घेऊ शकतो, काढू शकतो, दुसरा ॲडमिन नेमू शकतो. फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सोय २०१८ पासून आहे. २०२२ पासून तो इतरांचा मेसेज सर्वांसाठी पुसूही शकतो आणि तो कोणत्या ॲडमिनने पुसला हे ग्रुपला दिसते. पण ग्रुप सर्वांना खुला असेल, तर कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही.

नेमका हाच मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला होता. एका ग्रुपवर एका सभासदाने महिला सभासदाविषयी घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने ॲडमिनवरचा खटला रद्द केला. दोघांचे संगनमत दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही ॲडमिनला असेच जबाबदारीतून मोकळे ठेवले.

हे ऐकून बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात. मला मात्र वाटते की ॲडमिनची ड्यूटी इथूनच सुरू होते. शिक्षा कोणाला व्हावी, हे कायदा ठरवतो. ज्याची टिंगल चालली आहे त्या मुलाला आज रात्री झोप लागेल का, हे पाहायला तिथे आपणच असतो.

मेसेजने काय होऊ शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्या काळात तशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. अशा अफवा कुठल्या तरी ग्रुपमधूनच पुढे जातात. तिथे एकाने जरी “हे कुठून आलं?” असे विचारले, तरी ती तिथे थांबू शकते. हा प्रश्न विचारणे ॲडमिनचे पहिले काम.

गेटवरचा संत्री गेटचा मालक नसतो. त्याच्या ऑर्डर्स आधीच लिहिलेल्या असतात आणि पास तो मित्रालाही विचारतो. आम्हीही पाच ओळींचे नियम ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवले: शिवी नाही, कोणाच्या घरावरून, जातीवरून, दिसण्यावरून बोलणे नाही, न तपासलेली बातमी नाही, परवानगीशिवाय कोणाचा फोटो नाही, आणि कॅम्पची जागा, फायरिंग रेंजचे फोटो, सुट्टीच्या प्रवासाची गाडी व डबा असली माहिती नाही.

मागच्या उन्हाळ्यात एकाने परेडमध्ये चक्कर येऊन पडलेल्या कॅडेटचा व्हिडिओ टाकला. लगेच हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. मी व्हिडिओ पुसला आणि ग्रुपवर एवढेच लिहिले, “नियम चार. विषय संपला.” मग टाकणाऱ्याला फोन केला. तो माझा जवळचा मित्र. तो चिडला, “तू काय आता सर झालास का?” म्हणाला. मी त्याला चारचौघांत बोललो नव्हतो, त्यामुळे रात्री त्याने स्वतःहून त्या मुलाला फोन केला. ग्रुपवर माफी मागायला लावली असती, तर ती फक्त बोटांनी लिहिली गेली असती.

भांडण माझेच असेल, तर निर्णय मी घेत नाही. दुसरा ॲडमिन घेतो. म्हणून ॲडमिन किमान दोन हवेत. काढून टाकणे हा शेवटचा उपाय, आणि कारण सांगूनच.

काही गोष्टी मात्र आपल्या आवाक्याबाहेरच्या असतात. कोणी धमकी दिली, तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि हाउसमास्टरांना सांगा. कोणा मुलाचे किंवा मुलीचे अश्लील छायाचित्र आले, तर ते जपू नका आणि पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नका. तो गुन्हा ठरू शकतो. लगेच मोठ्यांना सांगा. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. कोणी ‘जगावंसं वाटत नाही’ असे लिहिले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला फोन करा, त्याच्या घरी कळवा, आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवा.

सुट्टी संपते, ग्रुप शांत होतो. पण मे महिन्यात ज्याच्यावर आपण हसलो, तोच जूनमध्ये मेसमध्ये आपल्या शेजारी ताट घेऊन बसतो. उद्या रूट मार्चला त्याचाच हात धरावा लागतो. पुढच्या वर्षी आमचा ग्रुप दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाईल. त्याला मी ही पाच ओळींची यादी देणार आहे आणि सोबत दुसरा ॲडमिन निवडायला सांगणार आहे. शक्यतो त्याच्या मित्रांपैकी नसलेला.