चेहऱ्याचा पक्षाघात आणि न्यायाचा मार्ग

चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारा मज्जातंतू कानाखालून कवटीबाहेर पडतो व लालापिंडातून जातो. त्याला सूज आली म्हणजे तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही. मेंदूतील आघातानेही तोंड वाकडे होते, मात्र कपाळाला बहुधा आठ्या पडतात. ही पारख वैद्याची. रुग्णाने तत्काळ रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेत हा तंतू दुखावला, तरी तेवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. धोक्याची पूर्वकल्पना दिली होती काय, योग्य दक्षता घेतली होती काय, हे पाहावे लागते. शंका रास्त वाटल्यास उपचारांची कागदपत्रे घेऊन वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते. निकालास मात्र विलंब लागतो. त्वचाविकारावर कोलकात्यात सदोष उपचार झालेल्या अनुराधा साहा १९९८ साली निवर्तल्या. सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई ठरविली ती २०१३ साली.