आत झालेलं बाहेर सांगता येतं

मोहोळमध्ये कुणाच्या पोराला बाल न्याय मंडळाने निरीक्षणगृहात पाठवलं, की गावात एकच वाक्य फिरतं: "त्याला सोलापूरला आत टाकलाय." कुणी म्हणतं रिमांड होम, कुणी म्हणतं पोरांचा तुरुंग. मग आत जे काही घडेल ते शिक्षेचाच भाग, असं सगळे गृहीत धरतात. पोरगा सुटून आला आणि गप्प गप्प राहू लागला, रात्री दचकून उठू लागला, तरी घरातले विचारत नाहीत. त्यालाही वाटतं, सांगून काय होणार?

बाल न्याय कायदा २०१५ हे गृहीतकच मानत नाही. निरीक्षणगृहात असतात ती चौकशी चालू असलेली मुलं, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही अशी. चौकशीअंती दोष ठरला तर मंडळ फार तर तीन वर्षांसाठी विशेषगृहात पाठवू शकतं. अठरा ओलांडलेल्यांसाठी आणि सोळा ते अठरा वयातल्या अतिगंभीर प्रकरणांसाठी 'सुरक्षित स्थान' असतं. बालगृह याहून वेगळं, ते अनाथ, हरवलेल्या किंवा सोडून दिलेल्या मुलांचं. चारही ठिकाणी कायदा एकच बजावतो: मूल सरकारच्या ताब्यात आहे, म्हणून सरकारची जबाबदारी वाढली आहे. बोलीत मात्र याच्या नेमकं उलट बसलं आहे, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

"चोरी केली तर मार खाणारच"

खाणार नाही. शिस्त लावण्यासाठी म्हणून मारलं तरी कलम ८२ खाली तो गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास दहा हजार रुपये दंड, पुन्हा ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पहिल्या वेळची ही शिक्षा मला फार अपुरी वाटते. मुलाच्या पाठीवरच्या वळांची किंमत दहा हजार ठरवणारा कायदा मुलाच्या बाजूचा कसा म्हणायचा? पण त्याच कलमात पुढे आहे की दोषी कर्मचाऱ्याला नोकरीतून काढता येतं आणि मुलांसोबतच्या कामापासून दूर ठेवता येतं. चौकशीला सहकार्य न करणाऱ्या संस्थाचालकाला तर किमान तीन वर्षांची कैद सांगितली आहे.

मार शिस्तीच्या पलीकडे गेला, उपाशी ठेवलं, आजारपणात औषध दिलं नाही, तर कलम ७५ लागतं. मुलांना सांभाळण्यासाठी नेमलेल्या माणसानेच क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्यामुळे मूल कायमचं जायबंदी झालं किंवा मानसिक आजारी पडलं, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं.

इथे एक अडचण आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. २०२१ च्या दुरुस्तीने या कायद्यातले तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे ठाण्यात "ही एनसी (अदखलपात्र) आहे, कोर्टातून आदेश आणा" असं उत्तर मिळू शकतं. पण एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ सांगतं. हत्याराने मारणं, लैंगिक अत्याचार हे दखलपात्र गुन्हे आहेत. म्हणून तक्रारीत नुसतं "मारहाण केली" लिहून थांबू नये. कशाने मारलं, कुठे लागलं, किती दिवस दुखत होतं, कुणी पाहिलं, हे सगळं लिहावं.

"मोठ्या पोरांनी केलं, त्याला संस्था काय करणार?" हेही नेहमी ऐकू येतं. कलम ७५ मध्ये जाणूनबुजून केलेलं दुर्लक्षही येतं. रात्री खोलीत काय चालतं हे ठाऊक असून अधीक्षकाने कानाडोळा केला असेल, तर तोही जबाब देणं लागतो.

"त्याच्यावरच केस आहे, त्याचं कोण ऐकणार?"

सगळ्यात जास्त नुकसान या समजाने केलं आहे. तक्रार करणारा स्वतः आरोपी, म्हणून त्याचं म्हणणं खोटं, असं आधीच ठरून जातं. कायद्याने मात्र त्याचं ऐकण्याची सोय त्याच्याच मंडळात करून ठेवली आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८ मध्ये मंडळाची कामं दिली आहेत. त्यातलं एक असं: विधिसंघर्षग्रस्त बालकावर, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा मुलावर, कुणी गुन्हा केल्याची तक्रार आली, तर पोलिसांना गुन्हा नोंदवण्याचा आदेश देणं. म्हणजे ज्या मंडळासमोर मुलाची तारीख लागते, त्याच मंडळाला तो स्वतः, त्याची आई किंवा त्याचा वकील सांगू शकतो. त्याच मंडळाने महिन्यातून किमान एकदा अशा संस्थेला भेटही द्यायची असते. तिथे राहणं धोक्याचं असेल तर जामिनाचा अर्ज करता येतो, दुसऱ्या संस्थेत हलवण्याची मागणी करता येते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत कायदा आणखी पुढे गेला आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्यात निरीक्षणगृह, रिमांड होम, तुरुंग अशा ताब्याच्या जागी तिथल्याच कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार 'गंभीर' प्रकारात मोडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गंभीर प्रवेशी लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्याला किमान वीस वर्षं शिक्षा आहे. लोक ज्या जागेमुळे मुलावर अविश्वास दाखवतात, तीच जागा कायद्याने गुन्हा वाढवणारी ठरवली. मुलगा असो वा मुलगी, पॉक्सो दोघांनाही लागू आहे. असं काही घडल्याचं कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाने केलेला अत्याचार लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

"मुलांच्या साक्षीवर कोर्टात काही उभं राहत नाही" असंही म्हणतात. पनवेलजवळच्या कळंबोलीत गतिमंद मुलींच्या संस्थेतला अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आला. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह इतरांना दोषी ठरवलं. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाचं प्रकरण देशभर गाजलं, त्याची सुरुवात मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने केलेल्या पाहणीतून झाली. बाहेरची माणसं येऊन बसली, त्यांनी विचारलं, आणि २०१८ मध्ये आतलं सगळं जगासमोर आलं. सर्वोच्च न्यायालयाने खटला बिहारबाहेर दिल्लीला हलवला आणि जानेवारी २०२० मध्ये तिथल्या साकेत न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. ही दोन्ही निवाऱ्याची ठिकाणं होती, निरीक्षणगृहं नव्हेत. पण साक्ष देणारी मुलं तशीच होती, कुणाचा आधार नसलेली.

"संस्था खासगी आहे, सरकारचा काय संबंध?"

महाराष्ट्रात अशी अनेक गृहं नोंदणीकृत संस्था चालवतात, म्हणून हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर मुंबईतल्याच एका प्रकरणात मिळालं आहे. १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी मुंबईतली मुलांची गृहं चालवत आली. पत्रकार शीला बारसे यांनी या संस्थेच्या मानखुर्दच्या निरीक्षणगृहातल्या कारभाराविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की या संस्थेला राज्यघटनेच्या कलम १२ च्या अर्थाने 'राज्य' मानायला हवं. त्याच बाई त्या वर्षी देशभरच्या तुरुंगांत अडकलेल्या मुलांसाठीही सर्वोच्च न्यायालयात लढत होत्या. मराठी वाचकांनी त्यांचं नाव विसरू नये.

या निकालाचा उपयोग असा, की सरकारचं काम करणाऱ्या संस्थेविरुद्ध राज्यघटनेच्या कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालयात जाता येतं. ताब्यातल्या माणसाचे मूलभूत हक्क मोडले तर न्यायालय सरकारला भरपाई द्यायला लावू शकतं, हे १९९३ च्या नीलबती बेहेरा निकालापासून पक्कं आहे. पॉक्सोच्या प्रकरणात तर भरपाईसाठी निकालापर्यंत थांबावं लागत नाही. गुन्हा नोंदल्यानंतर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं, पुढे आरोपी सुटला तरी भरपाईची शिफारस करू शकतं. राज्याची मनोधैर्य योजनाही आहे, तिचे अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातात.

"आता फार उशीर झाला"

आज तिशी-पस्तिशीत असलेले, लहानपणी अशा ठिकाणी राहून आलेले लोक हे हमखास म्हणतात. याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि अर्धवट उत्तर दिलं तर माणूस पुन्हा फसतो.

ज्या गुन्ह्याला तीन वर्षांहून जास्त शिक्षा आहे, त्याला कालमर्यादा नाही. पॉक्सोचे गंभीर गुन्हे यात येतात. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार कोणत्याही वयात करता येते, हे केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये स्पष्ट केलं. नोव्हेंबर २०१२ पूर्वीच्या घटनेला पॉक्सो लागत नाही, तिथे त्या काळची भारतीय दंड संहिता लागते. मुलींच्या बाबतीत ३७६, मुलांच्या बाबतीत ३७७. या दोन्ही कलमांनाही मुदत नाही. कर्मचाऱ्याने केलेल्या क्रूरतेचा बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खालचा गुन्हा पाच वर्षं शिक्षेचा, म्हणून तोही मुदतीबाहेर जात नाही; मात्र २०१५ चा हा कायदा लागू होण्यापूर्वीच्या घटनेला ते कलम लागत नाही.

पण कलम ८२ खालच्या पहिल्या गुन्ह्याला नुसता दंड आहे, आणि नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची मुदत फक्त सहा महिने. मानवी हक्क आयोग एका वर्षापेक्षा जुनी घटना घेत नाही. दिवाणी दाव्यात मुदत अठरा पूर्ण झाल्यावर मोजतात, मात्र त्यानंतर तीन वर्षांपलीकडे सवलत मिळत नाही. फौजदारी प्रकरणात उशिराचं कारण पटलं तर न्यायालय विलंब माफ करू शकतं. तेव्हा कोणतं कलम लावून घ्यायचं, यावर सगळं अवलंबून असतं.

आणखी एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. मुलाला नव्याने सुरुवात करता यावी म्हणून अपिलाची मुदत संपल्यावर त्याच्या प्रकरणाची कागदपत्रं नष्ट करायची तरतूद आहे. तरतूद चांगलीच आहे. पण "मी अमुक साली तिथे होतो" याचा पुरावाही त्या कागदांबरोबर जाऊ शकतो. म्हणून मंडळाचा आदेश, सुटकेचा कागद, दवाखान्याचे केसपेपर यांच्या प्रती घरात जपून ठेवाव्यात. सोबत राहिलेल्या मुलांची नावं आठवतील तशी लिहून ठेवावीत.

"तक्रार केली की नाव पेपरात येईल" ही भीतीही खरी नाही. मुलाची ओळख उघड करणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. स्वतःच्या केसची शिक्षाही तक्रार केल्याने वाढत नाही.

"घटना सोलापुरातली, तिकडेच जा"

मोहोळ ठाण्यात असं सांगितलं तर परत फिरू नये. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पॉक्सोमध्ये मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, आणि घेणाऱ्या अधिकाऱ्याने वर्दीत यायचं नसतं. गुन्हा नोंदला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते आणि सरकारी-खासगी कोणत्याही रुग्णालयात उपचार मोफत मिळतात. ताज्या जखमा असतील तर आधी दवाखाना गाठावा, ठाण्याचं नंतर पाहावं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. मुलांना, स्त्रियांना आणि ताब्यात असलेल्यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोनवर १५१०० हा विधी सेवेचा आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. सोलापूरला एसटीने हेलपाटे घालण्याआधी मोहोळच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीकडे जावं. अर्ज साध्या कागदावर, मराठीत लिहिलेला चालतो. लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितलेलं तिथे उतरवून घेतात.